आठ आण्यांची विकेट

पी. बाळू या नावाने क्रिकेटच्या इतिहासाला ठाऊक असलेल्या बाळू पालवणकरांच्या कारकिर्दीतला पहिला आकडा पगाराचा आहे : महिना तीन रुपये. पुण्यातल्या पारशी मंडळींच्या क्लबात खेळपट्टी झाडायची, तिच्यावर रूळ फिरवायचा आणि सभासदांना लहर आली तर त्यांना चार चेंडू टाकायचे, एवढ्या कामाचा हा मोबदला. १८९२ साली हा पोरगा तिथून युरोपियनांच्या पूना क्लबात गेला आणि पगारात एका रुपयाची वाढ झाली. काम मात्र रुपयापेक्षा बरेच जास्त वाढले. रूळ होताच, शिवाय रेषा आखणे, सरावाची जाळी बांधणे आणि वेळ पडली तर टेनिसच्या कोर्टावर चुन्याच्या रेघा ओढणे.

याच क्लबात त्याला आपला खरा धंदा सापडला. कुणा साहेबाने त्याला जाळीत चेंडू टाकायला सांगितले. पोरगा डावखुरा होता. चेंडू हवेत तरंगत यायचा, टप्पा पडला की फिरायचा, आणि पुढचा कुठल्या बाजूला जाईल याचा पत्ता लागत नसे. क्लबातले सर्वांत नावाजलेले फलंदाज होते कॅप्टन जे. जी. ग्रेग, त्यांना सगळे ‘जंगली’ ग्रेग म्हणत. (युरोपियनांच्या फलंदाजीचा हा खांब निवृत्तीनंतर चक्क कॅथलिक धर्मगुरू झाला. माणसाच्या आयुष्यात कुठले वळण कधी येईल, सांगता येत नाही.) ग्रेगसाहेब इतर सभासदांच्या तासभर आधी मैदानावर हजर व्हायचे आणि बाळूकडून गोलंदाजी करून घ्यायचे. त्यांनी एक सौदा ठरवला होता : बाळूने आपल्याला बाद केले की दर वेळी आठ आणे.

तीसेक वर्षे बँकेत खातेवह्या तपासण्यात घालवलेल्या माझ्यासारख्याला हा हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. चार रुपये म्हणजे चौसष्ट आणे. आठ वेळा साहेबांचा त्रिफळा उडवला की एका महिन्याचा पगार वर सुटला. महिनाभर रूळ ओढण्याची किंमत आणि आठ चेंडूंची किंमत सारखीच! आपल्या हातात काय आहे, याचा अंदाज त्या पोराला याच हिशेबातून आला असणार. गंमत बघा, या सगळ्या काळात क्लबात त्याच्या हाती बॅट कुणी दिली नाही. चेंडू टाकणे हे मजुरीत मोडत होते. फलंदाजी ही साहेबांची आणि सरदारांची मिजास. तिथे नोकराने हात घालायचा नसतो.

घरची पार्श्वभूमी अशी. कुटुंब मूळचे कोकणातल्या पालवण गावचे, जातीने चर्मकार, म्हणजे त्या काळच्या भाषेत अस्पृश्य. बाळूचा जन्म १८७५-७६च्या सुमारास धारवाडचा. वडील लष्करात नोकरीला, म्हणून बिऱ्हाड पुण्याच्या लष्करी वस्तीत. आपल्या छत्रपती संभाजीनगरला जशी छावणी आहे, तशा छावण्या तेव्हा गावोगावी होत्या. त्या जातिभेद मोडायला निघालेल्या नव्हत्या, पण एक गोष्ट नकळत तिथे घडत होती : गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू कुणाच्या पोरांनी उचलावेत, यावर कुणाचे लक्ष नसे. बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम हे असल्या टाकाऊ सामानावर शिकले. पाठोपाठ गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोघे भाऊ खेळात आले. एका घरातले चार भाऊ एवढ्या वरच्या दर्जाचे क्रिकेट खेळले, आणि तेही अशा घरातले, ही गोष्ट अजून पुरेशी कुणी नवलाने सांगितलेली नाही.

आता थोडे दूर जाऊ. १८९२ हे साल वाचताना मला दर वेळी अमेरिकेतला एक कागद आठवतो. त्या वर्षी १२ नोव्हेंबरला पिट्सबर्गमध्ये तिथल्या पद्धतीच्या फुटबॉलचा एक सामना झाला. अलेघेनी नावाच्या क्लबाकडून विल्यम हेफलफिंगर हा खेळाडू उतरला. येल विद्यापीठाचा हा धिप्पाड गडी कॉलेजच्या मैदानांवर तीन वर्षे गाजलेला आणि नंतर रेल्वेच्या कचेरीत नोकरीला लागलेला. सामना त्यानेच जिंकून दिला, ४-० असा. हा खेळ तेव्हा ‘हौशी’ होता, म्हणजे पैसे घेणे ही भल्या घरच्या मुलाला शोभणारी गोष्ट नव्हती. पण पुढे सत्तरेक वर्षांनी त्या क्लबाचा जमाखर्चाचा कागद उजेडात आला आणि त्यात सरळ नोंद सापडली : सामना खेळल्याबद्दल हेफलफिंगरला रोख पाचशे डॉलर. तोवर १८९५ साली दहा डॉलर आणि खर्च घेऊन खेळलेला जॉन ब्रॅलिअर हा पहिला पगारी फुटबॉलपटू समजला जाई. आता तो मान हेफलफिंगरकडे गेला आणि तो कागद ओहायोतल्या कँटन गावी फुटबॉलच्या संग्रहालयात काचेमागे जाऊन बसला.

खर्चाची नोंद खोटे बोलत नाही, हा माझ्या नोकरीतला अनुभव इथे कामी येतो. एकाच वर्षी पृथ्वीच्या दोन टोकांना दोन खेळाडू पैशासाठी खेळत होते. एकाचे पाचशे डॉलर लपवून ठेवावे लागले, कारण पैसा घेतला तर त्याची सभ्यता जाणार होती. दुसऱ्याचे आठ आणे लपवण्याची कुणाला गरजच वाटली नाही. नोकराला बक्षिसी देण्यात लपवायचे काय?

विलायतेत तर या भेदाचे शास्त्रच बनले होते. तिथे ‘जंटलमेन’ आणि ‘प्लेअर्स’ अशा दोन जाती. जंटलमन हौसेने खेळणार, प्लेअर पगारावर. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरण्याची दारे वेगळी. छापील धावफलकावर हौशी माणसाची आद्याक्षरे आडनावाच्या आधी आणि पगारी माणसाची नंतर, म्हणजे वाचणाऱ्याला पायरी कळावी. १९६२ साली हा प्रकार एकदाचा संपला. सांगायचे एवढेच की, घाम गाळणारा आणि मान मिळवणारा यांच्यात भिंत घालण्याची विद्या काही आपल्याच देशाची मिरास नव्हती. आपण त्या भिंतीला धर्माचा गिलावा केला, हे मात्र आपले.

तो गिलावा पाहायचा तर पुण्याच्या हिंदू क्लबाकडे यायला हवे. युरोपियन क्लबाशी सामने जिंकायची या मंडळींना ओढ लागलेली, आणि गावातला सर्वांत चांगला गोलंदाज तर अस्पृश्य. त्याला घ्यायचे की नाही, यावर वाद झाला. क्लबातले तेलुगू सभासद अनुकूल होते, काही ब्राह्मण सभासद प्रतिकूल. शेवटी जिंकण्याची ओढ वरचढ ठरली. बाळू संघात आला. आणि मग व्यवस्था अशी लागली : मैदानावर त्याने हाताळलेला चेंडू सगळ्यांनी हाताळायचा. पण चहाची वेळ झाली की बाकीचे आत चिनी मातीच्या कपातून चहा पिणार, आणि बाळूला पॅव्हिलियनच्या बाहेर, पिऊन झाल्यावर फेकून देता येईल अशा मातीच्या बोळक्यात. हातपाय धुवायचे तर एखाद्या अस्पृश्य गड्याने कोपऱ्यात पाणी आणून घालायचे. जेवणाचे ताट वेगळे, बसायची जागा वेगळी.

कातड्याच्या चेंडूला विटाळ नाही आणि कपाला आहे! चेंडू तर चामड्याचाच असतो, आणि चामडे कमावणाऱ्यांचाच हा मुलगा. शास्त्राधाराने हे कोडे कुणी सोडवलेले माझ्या वाचनात नाही. मला वाटते, त्यांनी ते सोडवायचा प्रयत्नही केला नसेल. विकेट हवी होती, माणूस नको होता. सोयीपुरता धर्म बाजूला ठेवायचा आणि सोय संपली की पुन्हा जागेवर आणायचा, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या जमत आले आहे.

साताऱ्याची गोष्ट याच काळातली. तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना ठरला. बाळूची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवून ती दगडासारखी करून ठेवली होती. बाळूने सात गडी बाद केले आणि पुणेकर जिंकले. रूळ ओढण्यातच ज्याची उमेदीची वर्षे गेली होती, त्याला रुळाने दाबलेली जमीन काय करते हे साताऱ्याच्या साहेबांपेक्षा जास्त कळत असणार! या विजयानंतर न्यायमूर्ती रानड्यांनी त्याचा जाहीर सत्कार केला. टिळकांच्या बाजूनेही त्याचे कौतुक झाले. सुधारक आणि राष्ट्रवादी या पुण्यातल्या दोन तोंडांच्या दोन पक्षांचे ज्याच्याबाबत एकमत व्हावे, असे विषय त्या वेळी फार नव्हते.

प्लेगच्या काळात कुटुंब मुंबईला गेले. पुण्यापेक्षा मुंबईत हवा मोकळी होती. निदान गिरण्या आणि रेल्वे यांना माणसाच्या हातांशी मतलब होता. बाळूंना तिथे आधी लष्करात आणि मग रेल्वेत नोकरी मिळाली. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात प्रवेश देताना गुजराती मंडळींनी कुरकुर केली, पण कर्णधार कीर्तिकरांनी त्यांची समजूत काढली. इथून पुढे बाळू पालवणकर हे मुंबईच्या क्रिकेटमधले मोठे नाव झाले, आणि इथून पुढे मीही त्यांना ‘ते’ म्हणतो.

१९०६च्या फेब्रुवारीत मुंबईच्या जिमखान्यावर हिंदू विरुद्ध युरोपियन हा सामना झाला. त्याआधी युरोपियनांशी मोठे सामने खेळायचा मान पारशांचा. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्यात १६० धावा केल्या. युरोपियनांच्या धावा १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्या डावात पाच बळी घेतले. शिवरामही संघात होते. जपानने रशियाला हरवून फार दिवस झाले नव्हते, बंगालच्या फाळणीने देश पेटलेला होता. अशा वेळी साहेबाला त्याच्याच खेळात हरवल्याचा आनंद केवढा झाला असेल, हे सांगायला नको. पण मला त्या आनंदापेक्षा ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने घेतलेली दखल महत्त्वाची वाटते. या दोघा भावांना संघात घेणे, पुढे त्यांच्याशी पंक्तिव्यवहार होणे, ही हिंदू समाजातल्या बदलाची खूण आहे, असे त्या पत्राने म्हटले. पुण्यातले मातीचे बोळके मुंबईत येईपर्यंत कपात बदलले होते. आठ बळी हा त्याचा भाव.

मग १९११ साली इंग्लंडचा दौरा. अठरापगड हिंदुस्थानातून निवडून गेलेला हा पहिला संघ. कर्णधार पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. पंचम जॉर्ज बादशहाच्या राज्याभिषेकाचे ते वर्ष, त्यामुळे महाराजांना दरबारी आमंत्रणे भरपूर आणि क्रिकेटला सवड कमी. ते मोजकेच सामने खेळले. संघाने २३ सामन्यांत १५ गमावले. त्या पडझडीत एक माणूस उभा राहिला. बाळूंनी दौऱ्यात सगळे मिळून ११४ बळी घेतले, दर बळीमागे १८.८६ धावा देऊन. त्यातले ७५ प्रथम दर्जाच्या सामन्यांत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात आठ, लेस्टरशायरविरुद्ध सामन्यात अकरा, आणि तो सामना आपण जिंकलो. टाँटनला सॉमरसेटविरुद्ध शिवरामनी नाबाद ११३ धावा काढल्या आणि एका गड्याने विजय मिळाला. प्रथम दर्जाच्या सामन्यांतले विजय एवढे दोनच. म्हणजे दोन्ही विजयांवर पालवणकरांच्या घरचा शिक्का.

या वेळी बाळूंचे वय पस्तिशीचे होते, खांदा दुखरा होता, आणि ज्या वयात फिरकी गोलंदाज पिकतो ती वर्षे मातीत रूळ ओढण्यात आणि साहेबांना सराव देण्यात गेलेली होती. हिंदुस्थानने पहिली कसोटी खेळली १९३२ साली, म्हणजे ते पन्नाशी ओलांडून गेल्यावर. प्रथम दर्जाचे त्यांचे सामने अवघे ३३, त्यात १७९ बळी, सरासरी १५.२१. पुढच्या काळात आपल्या मुंबईच्या पद्माकर शिवलकरांनी ५८९ बळी घेऊनही त्यांना कसोटी मिळाली नाही, आणि त्यांची हळहळ आपण ते २०२५ साली जाईपर्यंत करत होतो. शिवलकरांच्या वाटेत निदान बेदी होता. बाळूंच्या वाटेत काळच आडवा पडला होता.

मध्यंतरी आमखास मैदानावर चेंडू फिरवणाऱ्या चार पोरांना मी सहज विचारले, बाळू पालवणकर कोण? एक म्हणाला, ‘‘काका, ते ‘लगान’मधल्या कचराचं खरं नाव ना?’’ २००१ साली आलेल्या त्या चित्रपटाने पोरांच्या कानावर निदान काहीतरी घातले म्हणायचे. पण हा कचरा मला पहिल्यापासून खटकतो. त्याचा हात अधू असतो आणि त्या अधूपणामुळे चेंडू वळतो. कौशल्य त्याचे नाहीच. देवाची करणी, आणि ती ओळखणारा नायक दुसराच. बाळूंच्या हाताला काही झाले नव्हते. त्या हाताने पहाटे, साहेबांच्या नाश्त्याच्या आधी, वर्षानुवर्षे हजारो चेंडू टाकले होते. त्याला चमत्कार म्हटले की मेहनतीचा आणि बुद्धीचा हिशेब द्यावा लागत नाही. पोरांना मी हे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि मला विचारले, की तो चेंडू नेमका धरायचे कसा? प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचे उत्तर मात्र कुणी लिहून ठेवलेले नाही.

इंग्लंडहून परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या समारंभातले मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने लिहिले होते. विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. कोलंबिया नाही, लंडन नाही, महाड नाही, काहीच अजून घडायचे होते. समाजातला एक माणूस जगात नाव काढून आला आहे, आणि शिकणारा दुसरा एक तरुण त्याच्यासाठी मानपत्र लिहितो आहे. पुढे जे झाले ते वाचताना हा प्रसंग लक्षात ठेवावा.

आता कर्णधारपदाकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. बळी घ्यायला बाळू, पण संघाचा प्रमुख म्हणून नाव घ्यायची वेळ आली की सगळ्यांना घसा खाकरावा लागे. आम्ही बँकवाले ज्या रकमेचा निकाल लावायचा नसतो ती ‘सस्पेन्स’ खात्यात टाकून ठेवतो. बाळूंचे कर्णधारपद हिंदू जिमखान्याने वर्षानुवर्षे तसेच ठेवले. एक माणूस मात्र उघड बोलला. १९१३ साली कर्णधार एम. डी. पै यांचा सत्कार झाला, तेव्हा त्यांनी सांगून टाकले की ज्येष्ठता आणि अनुभव पाहता हा मान बाळूंचा होता. पै सारस्वत ब्राह्मण. ज्याला खुर्ची मिळाली त्याने ती दुसऱ्याची आहे असे म्हणण्याचा प्रसंग आपल्याकडे किती वेळा आला असेल, वाचकांनीच मोजावे.

१९२० सालचे चौरंगी सामने आले. पै आजारी पडले. बाळूंना संघातून वगळण्यात आले होते. उरलेल्यांत विठ्ठल आणि शिवराम हे ज्येष्ठतेने पुढे. निवड झाली प्रा. दि. ब. देवधरांची. देवधर मोठे खेळाडू होते यात शंका नाही. पुढे त्यांनी शंभरी ओलांडली, आणि आपण सगळ्यांनी त्यांना मानाने वागवले. पण त्या दिवशी त्यांच्या आधी रांगेत उभ्या असलेल्यांना बाजूला सारून त्यांचे नाव घेतले गेले. विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपल्याला जातीमुळे डावलले जात आहे, असे जाहीर निवेदन देऊन सांगितले. धाकटा गणपत त्याच सुमारास अकाली गेला होता. घरावर आधीच ते सावट. नोकरदार माणसांनी, ज्यांचा सगळा मान खेळावर उभा होता त्यांनी, खेळायलाच नकार देणे ही त्या काळात सोपी गोष्ट नव्हती. वर्तमानपत्रांत गदारोळ उठला. अंतिम सामन्यासाठी पै परत आले, बाळूंना बोलावून उपकर्णधार केले गेले, आणि पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ संघ बाळूंच्या हुकमाखाली खेळला. पंचेचाळिशीच्या माणसाला मिळालेले हे काही तासांचे नेतृत्व. तेही बदली कामगारासारखे.

१९२३ साली मात्र विठ्ठल पालवणकर हिंदूंचे रीतसर कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने चौरंगी सामने जिंकले. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतले. गांधीजींनी अस्पृश्यतेचा प्रश्न काँग्रेसच्या मांडवात आणून ठेवल्यानंतरचे हे दिवस, हेही ध्यानात घ्यायला हवे. थोरल्याने खाते उघडले, धाकट्याला व्याज मिळाले.

जवळपास याच वर्षांत अमेरिकेत फ्रिट्झ पोलार्ड हा काळा खेळाडू ब्राऊन विद्यापीठाकडून गाजून पगारी फुटबॉलमध्ये आला होता. १९२० साली अॅक्रनच्या संघाने पहिले अजिंक्यपद मिळवले ते त्याच्या जोरावर. तिथेही कपडे बदलायला त्याला संघाबरोबर जागा नव्हती. मालकाच्या सिगारच्या कारखान्यात जाऊन तो तयार होई. ते त्याचे मातीचे बोळके. १९२१ साली त्याच्याकडे संघाच्या प्रशिक्षकपदाची सूत्रे आली. म्हणजे या बाबतीत अमेरिका आपल्यापुढे दोन वर्षे होती. पण १९३४पासून बारा वर्षे त्या पगारी स्पर्धेत एकही काळा खेळाडू दिसेना. उघडलेले दार पुन्हा लावूनही घेता येते, हे तिथल्यांनी दाखवून दिले.

आता जो भाग लिहिताना पेन अडखळते, तो. या शहरात तर जास्तच. नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय ज्यांनी उभे केले, विद्यापीठाला १९९४ साली ज्यांचे नाव मिळावे म्हणून सोळा वर्षे हा मराठवाडा धुमसला, त्या बाबासाहेबांविरुद्ध बाळू पालवणकर निवडणुकीला उभे राहिले होते. इथे हे सांगितले की समोरचा माणूस मान फिरवतो. माझ्या एका मित्राने तर ‘‘मग त्याचं कौतुक कशाला?’’ असे मला स्पष्ट विचारले.

घटना अशा. १९३२ साली येरवड्याला जो पुणे करार झाला, त्यावर बाळूंचीही सही आहे. १९३३ साली ते हिंदू महासभेच्या वतीने मुंबई महापालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, इथून वैजापूर ओलांडले की लागणाऱ्या येवल्याला, आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. बाळूंनी धर्मांतराला विरोध केला. १९३७च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत आंबेडकरांसमोर त्यांना उमेदवारी दिली. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे त्या मतदानात इथल्या कुणाला बोट बुडवायचा प्रश्नच नव्हता. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५.

माझे मत सांगतो. आंबेडकर निवडून आले हे योग्य झाले. विधिमंडळात जे काम पुढे त्यांनी केले ते दुसऱ्या कुणाच्याने झाले नसते. आणि काँग्रेसने बाळूंना उभे केले त्यामागची चाल जुनीच होती. समोर मोठा फलंदाज आहे, आपल्यातल्या कुणाला तो बाद होत नाही, मग बाळूच्या हाती चेंडू द्या. हिंदू क्लबाने हेच केले होते. चहाच्या वेळी काय होणार हे बाळूंना ठाऊक नव्हते, असे मी मानत नाही.

पण त्यांच्याकडून त्या घटना बघा. ज्या माणसाने बोळक्यापासून कपापर्यंतचा प्रवास स्वतःच्या डाव्या हाताने केला, त्याला असे वाटणे साहजिक होते की हा समाज हळूहळू का होईना वळतो. त्याच्या खात्यात तसा पुरावा जमा होता : १९०६, १९२०, १९२३. दर वेळी थोडे मिळाले होते, उशिरा मिळाले होते, पण मिळाले होते. आंबेडकरांच्या खात्यात दुसरा पुरावा होता. एवढी विद्वत्ता असूनही बडोद्यात राहायला खोली मिळाली नव्हती. महाडला तळ्याचे पाणी प्यायल्यावर काठ्या पडल्या होत्या. दहा-दहा बळी घेऊ शकणारे घरटी एक निपजत नसतात, आणि जो बळी घेऊ शकत नाही त्याने चहा कुठे प्यायचा, हा आंबेडकरांचा प्रश्न होता. बाळूंपाशी त्याला उत्तर नव्हते. माझ्या मित्राला मी एवढेच म्हणालो, की ११,२२५ माणसांनीही त्यांना मत दिले होते. ती सगळी काही विकली गेलेली नव्हती.

बाळूंनी स्वतः काही लिहून ठेवले नाही. घरातला लिहिता हात विठ्ठलांचा. त्यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र १९४८ साली निघाले, आणि थोरल्या भावाच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल आपल्याला जे कळते ते बरेचसे त्याच्या आधाराने. रामचंद्र गुहांनी २००२ साली इंग्रजीत आणलेल्या क्रिकेटच्या इतिहासात या भावांना मानाची जागा दिली. मग आपल्याकडच्या मराठी लेखकांनाही जाग आली. उशीर झाला, पण ठीक.

बाळू पालवणकर ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. मानपत्र लिहिणारा तो विद्यार्थी त्यानंतर सतरा महिन्यांनी गेला. ग्रेगसाहेब इंग्लंडमध्ये आणखी तीन वर्षे जगले. आठ आण्यांच्या त्या सौद्यात त्यांनी एकूण किती रुपये दिले, ते मात्र कुठल्याच वहीत नाही.